खोडलेले पन्नास तास

संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं हवंय." मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. गॅस बंद केलाय का बघून आले, दोरीवरचे कपडे वाळलेत का बघून आले. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुला कुणीतरी बसायची शिक्षा द्यायला हवी होती." मी पुन्हा एकदा गॅस बघून आले. तर हलकंफुलकं जे काही आहे ते आधी सांगून टाकते. मग जे सांगायचंय ते सांगते.

मी परिवीक्षा अधिकारी होते. आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत मात्र माझी ओळख 'त्या येरवड्याच्या बाई' अशी. तुरुंगात नोकरी करते असाच सगळ्यांचा समज, आणि तो दूर करायचा मी कंटाळा केला, कारण त्यामुळे जिन्यात कुणी सायकल आडवी लावत नसे. खरं तर माझं काम उलटं होतं. माणूस येरवड्याला जाऊ नये, हे बघण्याचं. एखाद्याच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडलाय, फार मोठा नाही, मागचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, अशा वेळी मॅजिस्ट्रेट त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घेतात आणि आमच्या देखरेखीखाली सोडतात. आम्ही त्याच्या घरी जायचं, शेजारपाजारी चौकशी करायची, अहवाल लिहायचा. त्याने अट मोडली तर कोर्ट त्याला परत बोलावतं आणि बाजूला ठेवलेली शिक्षा सुनावतं.

काही मॅजिस्ट्रेट या बाँडमध्ये आणखी एक अट घालत. अमुक तास विनामोबदला काम. शाळेत, दवाखान्यात, वृद्धाश्रमात, जिथे गरज असेल तिथे. आता नव्या कायद्यात समाजसेवा ही रीतसर शिक्षाच झाली आहे म्हणे. आमच्या वेळी सगळं साहेबांच्या मर्जीवर होतं. त्यासाठी छापील फॉर्मसुद्धा नव्हता. मग मीच दोनशेपानी वह्या आणून रकाने आखले: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, केलेलं काम, सही. माझं सगळं राज्य त्या पाच रकान्यांत.

आमच्याच पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी पार्किंगवरून शेजाऱ्याला छत्रीने बडवलं होतं. त्यांना एका वाचनालयात साठ तास दिले. दोन आठवड्यांत ग्रंथपालांचं पत्र: 'सदर गृहस्थांनी आमच्या सूचीतील चुका लाल शाईने दाखवून दिल्या आहेत. कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातल्याही दाखवतात. त्यांचे उरलेले तास माफ करता येतील का?' मी उत्तर पाठवलं की शिक्षा त्यांना झाली आहे, तुम्हाला नाही, पण तुम्ही भोगताय त्याबद्दल सहानुभूती आहे.

दुसरे धायरीचे एक शेठ. गाव महापालिकेत गेलं, वावरांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि यांच्या गळ्यात बोटाएवढी साखळी आली. एका रिक्षावाल्याच्या कानाखाली वाजवल्याबद्दल त्यांना शाळेचं मैदान साफ करायचं होतं. मी अचानक जाऊन बघते तर दोन गडी खराटा मारतायत आणि शेठ झाडाखाली खुर्ची टाकून बसलेत.

"शेठ, हे काय?"

"काय म्हंजे? काम चालू हाय की, बाई. तुमाला काम झाल्याशी मतलब."

मी वही मागवली. मुख्याध्यापकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मार्गदर्शन – चार तास.' असे सलग सहा दिवस. माझं डोकंच फिरलं. ते सगळे तास मी तिथल्या तिथे लाल पेनने खोडले, शेठच्या हातात खराटा दिला आणि खुर्चीवर स्वतः बसून राहिले. अर्धा तास. माझ्या आयुष्यातला बसण्याचा तो विक्रम असावा. त्यांनी मैदान झाडलं, मधे मधे माझ्या सात पिढ्यांचा उद्धारही केला असेल, पण झाडलं. कोर्टात साहेबांनी हे ऐकलं तेव्हा तेही हसले, आणि मी हवेत. त्या दिवसापासून माझा नियम ठरला. हात चालले तर तास धरायचा. बसणं, बोलणं, देखरेख, मार्गदर्शन, सगळं खोडायचं. माझ्या लाल पेनची संस्थांमध्ये दहशत होती आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

संदेश वानखडे माझ्याकडे आला तो यानंतर वर्षभराने.

अमरावतीकडचा, सव्वीस वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. तेव्हा त्या कंपन्यांच्या बसगाड्यांनी पुण्याचे चौक भरायला लागले होते, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसाकडे भाडेकरू म्हणून आणि जावई म्हणून लोक आशेने बघायला लागले होते. याने सिंहगड रस्त्यावर बाइकने एका बाईंना उडवलं. त्या दूध घेऊन रस्ता ओलांडत होत्या, हा कामावर जायच्या घाईत. त्यांचा पाय मोडला. यानेच त्यांना दवाखान्यात नेलं, कोर्टात पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. साहेबांनी बाँड घेतला आणि वृद्धाश्रमात शंभर तास काम, तीन महिन्यांच्या आत. ते झाले नाहीत तर शिक्षा. आणि शिक्षा म्हणजे नोकरी गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गावाकडे आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

"मॅडम, माझी शिफ्ट तीन वाजता सुरू होते. मी रोज अकरा ते एक जाऊ शकतो ना?"

"रोज? कंटाळाल."

"नाही जी. करून टाकतो."

धायरीच्या पुढे, जिथे तेव्हा अजून थोडी शेतं शिल्लक होती, तिथे एक छोटा वृद्धाश्रम होता. नलूताई नावाच्या बाई तो चालवत. स्वयंपाक, औषधं, भांडण मिटवणं, सगळं त्याच बघत. मी संदेशला त्यांच्या हवाली केलं आणि विसरले. विसरले म्हणजे, आमच्या ऑफिसातली दुसरी अधिकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, दोन टेबलांचं काम माझ्या एकटीवर होतं, आणि रोज जाणाऱ्या सरळ माणसाकडे बघायला कुणाला वेळ आहे? मी वाकड्यांच्या मागे धावत होते. वही तपासायला गेले तेव्हा कोर्टाची तारीख आठ दिवसांवर आली होती.

पन्नास दिवस, रोज दोन तास. एकही खाडा नाही. मी खूश होऊन पानं उलटायला लागले आणि चौथा रकाना वाचला. नलूताईंचं अक्षर गोल, शाळकरी. '११ ते १२ भांडी. १२ ते १ जेवण.' दुसऱ्या दिवशी '११ ते १२ फरशी. १२ ते १ जेवण.' रोज. पन्नासच्या पन्नास दिवस जेवण.

संदेश समोरच भांडी पुसत होता. मी त्याला हाक मारली.

"काय हो, तुम्ही इथे शिक्षा भोगायला येता की जेवायला?"

तो गोंधळला. "मॅडम, ते वरच्या खोलीतले बाबा आहेत ना, ते..."

"मला गोष्टी सांगू नका. रोज एक तास जेवता आणि तो वर सरकारी तासात धरता?"

"डबा माझा मी आणतो जी."

"डबा कुणाचा ते मी विचारलंय का?"

नलूताई पदराला हात पुसत आल्या. "बाई, त्याचं काय आहे, ते गणपतराव..." मी त्यांनाही बोलू दिलं नाही. त्या मवाळ, पोराला पाठीशी घालतायत, हे माझ्या मनाने आधीच ठरवलं होतं. मला झाडाखालची ती खुर्ची दिसत होती. उभ्या उभ्या लाल पेन काढलं आणि पन्नास रेघा मारल्या. प्रत्येकीखाली सही. मला अजून आठवतं, पेन मधेच सुकलं, तर मी ते झटकून परत चालू केलं.

म्हणजे आठ दिवस हातात आणि पन्नास तास बाकी. उपाय मीच काढला आणि मनातून स्वतःवर खूश झाले. नलूताईंच्या हाताखाली आता ठेवायचंच नाही. शहरातल्या एका शाळेत बाकं घासून रंगवायची होती. सकाळी नऊ ते चार, रोज सात तास. त्याने रजा टाकायची. आठ दिवसांत छप्पन्न होतात. संदेशने मान हलवली. मग गेटपर्यंत माझ्यामागे आला.

"मॅडम, एक रिक्वेस्ट होती. मला बारा ते एक इकडे येऊ द्याल का? तो वेळ धरू नका."

"कशाला?"

"बाबांना जेवायला लागते."

"इथे नलूताई आहेत, दोन बायका आहेत. आधी स्वतःचं बघा. एक तास जेवण, जायचा-यायचा एक तास, मग बाकं कोण रंगवणार? नियम सगळ्यांना सारखा." गाडीला किक मारली आणि निघाले. पाच मिनिटं थांबून ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय ते विचारू नका. पाच मिनिटं एका जागी थांबणं हेच तर मला कधी जमलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी नलूताई ऑफिसात आल्या. दोन बस बदलून. त्यांनी आधी दोनदा फोन केला होता, पण मी टेबलावर असते कुठे? त्या बसल्या नाहीत.

"बाई, गणपतरावांना काल ॲडमिट केलं. चार दिवस पोटात काही नाही. सलाइन लावलंय."

"मग तुम्ही भरवलं का नाही?"

"तेच तुम्हाला सांगत होते त्या दिवशी." आणि मग त्यांनी सांगितलं, आणि या खेपेला मी ऐकलं.

गणपतराव आचारी होते. सगळा जन्म मंगल कार्यालयांच्या मुदपाकखान्यात गेलेला. शेवटची पंगत उठली, पाहुण्यांचे हात धुऊन झाले, की मग आचाऱ्याने जेवायचं. पन्नास वर्षं त्यांनी तसंच केलं. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, बरंच काही पुसलं गेलं, पण ते राहिलं. वरच्या खोलीत पलंगावर पडून असायचे. ताट समोर ठेवलं की हात मागे घ्यायचे आणि दाराकडे बघत राहायचे. भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटायचे. सगळ्यांना वाटे म्हातारा हट्टी आहे. जबरदस्तीने दोन चमचे पेज पोटात जाई, बस.

संदेश पहिल्याच दिवशी भांडी घासून झाल्यावर वर ताट पोचवायला गेला होता. भूक लागली म्हणून तिथेच खाली बसून डबा खाल्ला, उठून हात धुतले. मागे वळून बघतो तर गणपतराव डाव्या हाताने ताट ओढून घेतायत. स्वतःच्या हाताने जेवले. हळूहळू, तासभर लावून, पण पोळीचा तुकडाही ठेवला नाही.

"तेव्हापासून रोज तो समोर बसून जेवायचा," नलूताई म्हणाल्या. "सावकाश जेवायचा, वाढून घ्यायचा, ढेकर द्यायचा. मग ते जेवायचे. महिनाभरात अंगावर मांस दिसायला लागलं हो."

"मग आता तुम्ही कुणीतरी जेवायचंत त्यांच्यासमोर!"

"आम्ही जेवलो की. तिघीही बसलो. ढुंकून बघत नाहीत. आम्ही वाढणाऱ्या ना, बाई. त्यांना पाहुणा जेवलेला लागतो." त्या अजून उभ्याच होत्या. "वहीत काय लिहायचं मला कळेना. जेवत होता म्हणून जेवण लिहिलं. तुम्ही ते त्याचं जेवण म्हणून खोडलंत. ते गणपतरावांचं होतं हो."

मी शाळेत कशी पोचले मला आठवत नाही. संदेश व्हरांड्यात बाक उलटं करून घासत होता, कोपरापर्यंत हिरवा रंग.

"चला. गणपतराव दवाखान्यात आहेत."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. "आणि तास, मॅडम?"

"तास गेले खड्ड्यात. चला."

माझ्यामागे गाडीवर बसून तो आला. वाटेत एका खानावळीतून त्याने थाळी बांधून घेतली. वॉर्डात पोचलो तेव्हा बाराच वाजले होते. गणपतरावांचे डोळे अर्धे मिटलेले, हाताला सलाइन. संदेशने फरशीवर कागद पसरला, थाळी मांडली आणि खाली मांडी घालून जेवायला लागला. नर्स ओरडायला आली, मी तिला अडवलं. तो सावकाश जेवत होता. आमटी भुरकली. "बाबा, भाजी मस्त झाली जी," म्हणाला. जेवून उठला, बेसिनवर जाऊन हात धुतले, मुद्दाम आवाज करून चूळ भरली आणि येऊन मऊ भाताची वाटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली.

गणपतरावांनी डोळे उघडले. वाटीकडे बघितलं. हात उचलायला गेले आणि तो उचलला गेला नाही. संदेशने तो हात धरून वाटीत नेला. बोटांना भात लागला. तेवढंच.

पुढचे तीन दिवस तो बाकं सोडून तसाच जात राहिला. मीही जात राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी गणपतराव गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय कमकुवत होतं, चार दिवसांच्या उपासानेच झालं असं म्हणता येणार नाही. भला माणूस. त्याचं ते वाक्य मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा मनात म्हणून बघितलंय, आणि एकदाही मला त्याने झोप लागलेली नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख होती. बावीस तास बाकी. आदल्या संध्याकाळी मी वही पुढ्यात घेऊन बसले आणि अहवाल लिहिला. खोडलेले पन्नास तास हे प्रत्यक्षात रुग्णसेवेचे होते, चौकशी न करता खोडण्याची चूक माझी आहे, ते धरल्यास अट पूर्ण होऊन वर अठ्ठावीस तास शिल्लक राहतात, तरी ते धरावेत ही विनंती. नोकरीत मी पहिल्यांदाच 'चूक माझी आहे' असं लिहीत होते. मेमो मिळेल, मिळू दे. त्या माणसाचं निदान एवढं तरी मला करता येत होतं. ते केलं की मला जरा बरं वाटेल, असाही हिशेब त्यात होता. तो लपवत नाही.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. वहीची पानं उलटली. "ह्या लाल रेघा कुणाच्या?"

"माझ्या, साहेब."

"पन्नास?"

"हो, साहेब."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. संदेशकडे वळले. "वानखडे, बाई म्हणतात हे तास धरायचे. मला हरकत दिसत नाही. तुम्हाला काही सांगायचंय?"

मला वाटलं, हात जोडेल, थँक यू सर म्हणेल आणि मोकळा होईल. तो पिंजऱ्यात सरळ उभा राहिला. नखांच्या कडांना अजून हिरवा रंग होता.

"सर, ते तास धरू नका."

"का?"

"ते मी शिक्षेसाठी नव्हते केले, सर. बाबांना जेवायला लागायचे म्हणून बसायचो. ते शिक्षेत लावले तर..." त्याने नखाचा हिरवा रंग खरवडला. मान खाली घातली. "ते त्यांचे राहू द्या. माझे बावीस बाकी आहेत, ते मी करतो. मुदत द्या फक्त."

साहेबांनी पेन उघडलं. मग त्यांनी एक महिन्याची मुदतवाढ लिहिली, वही मिटली आणि शिपायाने पुढच्या प्रकरणाचा पुकारा केला.

बाहेर आवारात मी त्याला गाठलं. वाटेत पाठ केलं होतं काय म्हणायचं ते. माझं चुकलं, मी ऐकून घ्यायला हवं होतं, असं साधंच. तो माझ्यासमोर उभा राहिला, ओळखपत्र खिशात घालत. त्याच्या कपाळावर घाम होता. मी हातातल्या फायलीची दोरी सोडली, परत बांधली.

त्यानेच विचारलं, "मॅडम, उद्यापासून किती वाजता येऊ?"

"नऊला," मी म्हटलं.